दूरशिक्षणाची परतीची वाट



पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘दूरशिक्षणाची साधने आणि शिकणाऱ्यांच्या तऱ्हा’ असा छापलेला आहे. शब्द जरा भारी आहेत. पण त्यांतला प्रश्न साधा आहे. शिकवणारा एका ठिकाणी, शिकणारा शंभर कोसांवर आणि मध्ये टपाल, रेडिओ, दूरचित्रवाणी किंवा आजचा मोबाईल. साधन सर्वांना एकच. शिकणारी माणसे मात्र नाना तऱ्हांची. मग एकाच साधनाने या सर्वांपर्यंत पोचायचे कसे?

मी काही शिक्षणशास्त्री नव्हे. माझी शाळा म्हणजे रात्रशाळा, आणि तीही नववीपर्यंत. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. काही वर्तमानपत्रांतून, काही कायद्याच्या पुस्तकांतून, आणि पुष्कळसे कामगारांच्या तक्रारी त्यांच्याच शब्दांत लिहून घेता घेता. पण पाळी संपवून थकून आलेल्या मोठ्या माणसाला नवी गोष्ट कशी समजावून द्यावी, या प्रश्नाशी गेली तीस वर्षे माझी रोज गाठ पडते आहे. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर आणि जे थोडेफार वाचले त्याच्या आधाराने मी बोलणार आहे.

हा प्रश्न मला एवढा निकडीचा का वाटतो, ते आधी सांगितले पाहिजे. एका कारखान्याच्या प्रेस खात्यात पत्र्याचे भाग ठोकण्याचे काम चालते. पत्रा डायमध्ये ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन्ही हातांनी दोन बटने एकदम दाबायची, म्हणजे प्रेस खाली येते. बटने दोन ठेवण्याचे कारण उघड आहे. दोन्ही हात बटनांवर असले म्हणजे डायमध्ये एकही उरत नाही. पण उत्पादनाची घाई झाली की एक बटन बांधून टाकतात आणि एका हाताने काम उरकतात. मराठवाड्यातून आलेला, कंत्राटदाराकडचा एक मुलगा कामाला लागून अकरा दिवस झाले होते. त्याची दोन बोटे गेली. चौकशीत व्यवस्थापनाने कागद पुढे केला: सुरक्षेचे प्रशिक्षण मोबाईलवर पूर्ण, दहा प्रश्नांपैकी दहा बरोबर. आम्ही विचारले, कोणाच्या मोबाईलवर? तेव्हा उलगडा झाला, की पाळी सुटताना बारा मुलांना उभे करून वीस मिनिटांची फिल्म एकाच मोबाईलवर दाखवली होती, आणि बाराही जणांची उत्तरे सुपरवायझरने स्वतःच दाबली होती. फिल्म हिंदीत होती आणि यंत्राच्या भागांची नावे इंग्रजीत. मागे उभ्या राहिलेल्या मुलाला काय दिसले आणि काय कळले, हे कोणीही विचारले नव्हते.

हा कागद निरुपद्रवी नसतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात अशी एक तरतूद होती, की कामगाराने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला आणि त्यातून इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांत मालक भरपाई नाकारू शके. ‘याला शिकवले होते, तरी याने ऐकले नाही’ हे वाक्य अशा वेळी किती किमतीचे ठरते, ते आपल्या ध्यानात येईल. जे शिक्षण माणसाचे बोट वाचवण्यासाठी द्यायचे, तेच बोट गेल्यावर त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहते. म्हणून ‘दाखवले’ आणि ‘शिकवले’ या दोन क्रियापदांतले अंतर मला व्याकरणापुरते वाटत नाही.

आता शिकणाऱ्यांच्या तऱ्हांकडे वळू. गेल्या काही दशकांत या बाबतीत एक मत जगभर फार लोकप्रिय झाले आहे. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली एक प्रश्नावली पुढे आणली आणि शिकणाऱ्यांचे चार वर्ग सांगितले: पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि करून शिकणारे. अशी वर्गीकरणे त्यांच्या आधीही झाली होती आणि नंतरही झाली. २००४ साली ब्रिटनमधील अभ्यासकांनी ती मोजली, तेव्हा ७१ भरली! या मताचा सारांश असा, की प्रत्येकाची शिकण्याची तऱ्हा ठरलेली असते. ती ओळखा, त्याच साच्यात धडा घाला, म्हणजे तो चांगला शिकेल. दूरशिक्षणाच्या साधनांची जाहिरातही पुष्कळदा याच मुद्द्यावर चालते. आमच्याकडे चित्रफीत आहे, आवाज आहे, मजकूर आहे, खेळ आहे. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे.

हे ऐकायला फार पटते. पण पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. २००८ साली चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या मताचा पुरावा तपासला. कसोटी त्यांनी सरळ लावली. ‘पाहणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे दोन गट घ्या. दोन्ही गटांतल्या काहींना चित्राने शिकवा, काहींना तोंडी शिकवा आणि शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्या. मत खरे असेल, तर पाहणाऱ्यांत चित्राने शिकलेले वरचढ ठरले पाहिजेत आणि ऐकणाऱ्यांत तोंडी शिकलेले. अशा कसोटीला उतरणारा पुरावा त्यांना जवळजवळ मिळालाच नाही. ज्या थोड्या प्रयोगांत कसोटी नीट लावली होती, त्यांतल्या काहींचे निकाल तर या मताच्या उलट गेले होते. माणसांना आवडीनिवडी असतात, यात शंका नाही. कोणाला ऐकणे प्रिय, कोणाला वाचणे. पण ज्याला गोड आवडते त्याला गोडानेच ताकद येते, असे काही आपण म्हणत नाही.

मग धड्याचे रूप कशावरून ठरवायचे? माझ्या मते, जी गोष्ट शिकायची तिच्यावरून. व्हर्नियरवर माप घेणे शिकायचे असेल, तर रेघा डोळ्यांनी पाहाव्या लागतील आणि व्हर्नियर हातात धरावे लागेल, मग शिकणारा ‘कानाचा’ असो की ‘डोळ्याचा’. बेअरिंग खराब झाल्याचा आवाज कानानेच ओळखावा लागतो. त्याचे चित्र काढून भागत नाही. तक्रारीचा अर्ज लिहूनच शिकावा लागतो. वाटाघाटीला बसायचे, तर समोरच्याचे ऐकून घेणे आणि वेळेवर बोलणे, दोन्ही आले. धडा विषयाला शोभेल असा हवा आणि शक्यतो एकच गोष्ट दोन-तीन अंगांनी दाखवणारा हवा. त्याचा फायदा सर्वांनाच होतो.

या तऱ्हांच्या मताबद्दल माझी आणखी एक धास्ती आहे, आणि ती आपल्या समाजाच्या अनुभवातून आली आहे. ‘हा हाताचा माणूस, याला पुस्तक कशाला?’ हे वाक्य आपल्या देशात शेकडो वर्षे ऐकू आले. कोणाच्या वाट्याला डोके आणि कोणाच्या वाट्याला हात, हे जन्मावरून ठरवले गेले. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर हातांनी राबणाऱ्याला रात्री अक्षर कळू शकते, आणि ते त्याला कळलेच पाहिजे, असा तिचा अर्थ होता. आता तेच जुने लेबल शास्त्राच्या नावाने परत येऊन चिकटू नये. मुलाला वा कामगाराला ‘तू करून शिकणारा’ असे एकदा सांगितले, की पुस्तक मिटायला त्याला आणि त्याच्या शिक्षकाला, दोघांनाही निमित्त मिळते.

मग शिकणाऱ्यांत फरक नसतात का? पुष्कळ असतात. पण ते प्रश्नावली भरून शोधावे लागत नाहीत. त्याच्या घरी गेले म्हणजे दिसतात. पहिला फरक आधीच्या माहितीचा. ज्याला अपूर्णांक येतो आणि ज्याला येत नाही, त्या दोघांना एकच धडा देऊन चालत नाही. दुसरा भाषेचा. घरी अहिराणी, गोंडी किंवा भोजपुरी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठीसुद्धा निम्मी परकी असते. तिसरा वेळेचा आणि थकव्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी त्या कामगाराला कोणी जगातले उत्तम पुस्तक दिले असते, तरी ते त्याने वाचायचे केव्हा? चौथा फरक साधनाच्या मालकीचा. घरात मोबाईल एक, तो नवऱ्याच्या खिशात. बायकोची शिकवणी त्या खिशातून बाहेर पडेल तेव्हा. ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्यांचा फरक तर उघडच आहे. त्यांच्यासाठी धड्याचे रूप बदलणे हा त्यांचा हक्क आहे. आणि शेवटचा फरक धिटाईचा. ‘मला समजले नाही’ असे म्हणायला मोठ्या माणसाला फार धीर लागतो. चारचौघांत अडाणी ठरण्यापेक्षा तो मान हलवून गप्प बसतो. हलणारी मान पाहून फसलेले शिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत. मोबाईलला तर मानही दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: दूरशिक्षण नाना तऱ्हांच्या माणसांपर्यंत पोचते, ते धड्याला चार रूपे दिल्याने नव्हे, तर शिकणाऱ्याकडून शिकवणाऱ्याकडे परत येणारी वाट मोकळी ठेवल्याने. ज्याला जिथे अडते, ते त्याने कळवले पाहिजे आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे. ही वाट असली, की माणसांच्या साऱ्या तऱ्हा आपोआप समोर येतात. ती नसली, तर साधन कितीही नवे असो, तो एकतर्फी हुकूमच होतो. माझे हे म्हणणे इतिहासाला धरून आहे की नाही, ते आता पाहू.

१८४० साली इंग्लंडात एका पेनीच्या तिकिटावर देशभर पत्र जाऊ लागले. त्याच सुमारास आपल्या नावाच्या लघुलिपीचे जनक आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला आरंभ केला. पत्राने धडे विकणारे त्यांच्या आधीही होते. पिटमन यांचे वैशिष्ट्य असे, की शिकणारा उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवी आणि पिटमन चुका दुरुस्त करून तो पुन्हा धाडीत. आधुनिक दूरशिक्षणाचा आरंभ त्यांच्यापासून मोजतात, तो या दुरुस्तीच्या पत्रामुळे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींचे. खाणीत एकामागून एक अपघात होत होते. तिथे १८८५ साली कायदा झाला, की खाणीच्या फोरमनने परीक्षा देऊन दाखला मिळवला पाहिजे. खाणकामगारांनी परीक्षा द्यायची कशी? बहुतेकांची शाळा लहानपणीच सुटलेली. थॉमस फॉस्टर नावाचे एक संपादक आपल्या वर्तमानपत्रात खाणकामाविषयी प्रश्नोत्तरे छापत असत. खाणकामगारांचे प्रश्न येत गेले, आणि त्यांतूनच १८९१ मध्ये स्क्रॅंटन गावी टपालाने खाणकाम शिकवणारी शाळा उभी राहिली. पाठ लहान लहान पुस्तिकांचे, आकृत्या भरपूर आणि सुरुवात थेट अंकगणितापासून. पुस्तिका संपली की प्रश्न सोडवून पाठवायचे. ते तपासून आले की पुढची पुस्तिका. पुढे या शाळेत लाखो लोकांनी नावे घातली. पण शेवटपर्यंत टिकले ते थोडेच, हेही सांगितले पाहिजे. एकट्याने, दिव्याखाली, कोणाच्याही सोबतीशिवाय शिकणे फार अवघड असते.

ही सोबत कशी द्यावी, याचे उत्तर कॅनडातल्या शेतकऱ्यांनी शोधले. तिथे १९४१ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि तो ऐकायला शेजारी शेजारी एका घरी जमू लागले. वाचणे, ऐकणे, चर्चा करणे आणि कृती करणे ही त्यांची चतुःसूत्री होती. चर्चेतून निघालेले मत गट लिहून पाठवी आणि त्याची दखल रेडिओवर घेतली जाई. १९६५ पर्यंत हा उपक्रम चालला.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. कॅनडातली ही कल्पना १९५६ साली आपल्याकडे आली, ती पुणे आकाशवाणीवर. युनेस्कोच्या साहाय्याने, तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत १५० खेड्यांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे स्थापन झाली. एका मंडळात वीसपर्यंत सभासद, एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. म्हणजे एकूण वीस कार्यक्रम. मंडळी रेडिओभोवती बसत, ऐकत आणि रेडिओ बंद करून त्यावर बोलत. जे अडे ते चिटणीस लिहून पुण्याला पाठवी, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्याचे उत्तर येई. अक्षरओळख असलेले आणि नसलेले एकाच बैठकीत बसत.

या प्रयोगाचे मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेत आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केले. या माणसाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. त्यांचे वडील ऑटो न्यूराथ यांनी व्हिएन्नात १९२५ साली एक संग्रहालय काढले. देशाचे आकडे सामान्य कामगारांना चित्रांतून समजावेत, असा त्याचा उद्देश होता. मुलाने नाझींच्या छळछावण्या भोगल्या, तिथून सुटून तो अमेरिकेत गेला आणि पुढे आपल्या खेड्यांत येऊन शेतकऱ्यांचे ऐकणे मोजू लागला. त्यांनी तीन प्रकारची गावे निवडली: श्रोतेमंडळाची, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना त्या विषयांवर प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी थोडी होती.

बंधूंनो, या निकालाकडे नीट पाहा. दोन्ही गावांत तोच रेडिओ, तोच आवाज, तोच अर्धा तास. फरक पडला तो भोवती बसलेल्या माणसांनी आणि पुण्याला जाणाऱ्या त्या पत्रांनी. शिवाय मंडळे बोलून थांबली नाहीत. कुठे विहिरी खणायचे ठरले, कुठे जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणायचे, कुठे बालवाडी काढायचे. १९५९ नंतर ही मंडळे देशभर नेण्यात आली; पण पुढे ती ओसरली. रेडिओ घरोघरी पोचला आणि मंडळ मात्र विसरले गेले. साधन टिकले, पण त्याच्याभोवतीची माणसे पांगली.

ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाची गोष्टही हेच सांगते. १९६३ साली हॅरॉल्ड विल्सन यांनी ती कल्पना मांडली, तेव्हा तिचे नाव ‘हवेवरचे विद्यापीठ’ असे होते. ती प्रत्यक्षात आणण्याचे बरेचसे श्रेय जेनी ली या मंत्रीबाईंना जाते. त्या स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराच्या कन्या. १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनिशी शिकवणे सुरू झाले. प्रवेशाला कोणत्याही दाखल्याची अट नव्हती. लोकांच्या लक्षात राहिले ते दूरचित्रवाणीवरचे पाठ. पण विद्यार्थ्याला तारले ते टपालाने येणाऱ्या नीट लिहिलेल्या पुस्तिकांनी, त्याचे निबंध तपासून समासात शेरे लिहिणाऱ्या शिक्षकाने, घरी पाठवलेल्या प्रयोगाच्या सामानाने आणि उन्हाळ्यातल्या निवासी वर्गाने. दूरचित्रवाणीवरचे ते पाठ २००६ साली बंद झाले. विद्यापीठ चालूच आहे. आपल्याकडे १९८२ मध्ये हैदराबादला, १९८५ मध्ये दिल्लीला आणि १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठे निघाली. तिथेही ज्या अभ्यासकेंद्रावर कोणी बसून शंका सोडवतो, तेच केंद्र खरे. बाकीची ठिकाणे परीक्षेचे अर्ज भरण्यापुरती.

आता मोबाईल. मी त्याचा शत्रू नाही. धडा थांबवावा, मागे न्यावा, दहादा ऐकावा. मूर्खपणाचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला म्हणून तो कोणावर खेकसत नाही. अंधाला तो मजकूर वाचून दाखवतो, ऐकू न येणाऱ्याला खुणांची भाषा दाखवतो. शिवाय रेडिओजवळ नव्हती ती सोय त्याच्याजवळ आहे: प्रश्न त्याच क्षणी परत पाठवता येतो. २०१७ पासून ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ या सरकारी योजनांतून हजारो पाठ फुकट उपलब्ध झाले, ही मोठीच गोष्ट आहे.

पण पाठ उपलब्ध असणे म्हणजे शिक्षण पोचणे नव्हे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली घरे शहरांत शंभरांत ४२ आणि खेड्यांत १५ निघाली. दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी आली आणि सारी शाळा या साधनावर टाकावी लागली. कोण मागे राहिले, ते आपण आपापल्या गल्लीत पाहिले आहे. पण जिथे इंटरनेट मुबलक आहे तिथे तरी काय होते? हार्वर्ड आणि एमआयटी या दोन नामांकित संस्थांच्या खुल्या अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तिघांनीच अभ्यासक्रम पुरा केला होता. ज्यांनी दाखल्यासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरांत ४६ होते. उत्तम अध्यापक, उत्तम चित्रफिती, सारे होते. पण ‘तू दोन आठवडे आला नाहीस, काय झाले?’ असे विचारणारे कोणी नव्हते.

चर्चेने शिकणे पक्के होते, यालाही शास्त्राचा आधार आहे. २००६ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, मिटून, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले, तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले, तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवून सांगावे लागले की गोष्ट मनात मुरते. श्रोतेमंडळात रेडिओ बंद झाल्यावर शेतकरी हेच करीत होते. चित्रफीत पाहून लगेच दहा बटने दाबणे ही त्या पाच मिनिटांची परीक्षा; कारखान्यातले यंत्र परीक्षा घेते ते महिन्याने, रात्रपाळीला, डोळ्यांवर झोप असताना.

कामगार चळवळीजवळ यावर एक जुना उपाय आहे. १९५८ साली केंद्र सरकारने कामगार शिक्षणाचे मंडळ स्थापन केले. त्याची मुख्य कचेरी नागपुरात होती. त्या योजनेतली सर्वांत चांगली कल्पना म्हणजे ‘कामगार-शिक्षक’. कामगारांतलाच एकजण निवडायचा, त्याला शिकवायचे आणि परत त्याच कारखान्यात पाठवायचे. तो सहकाऱ्यांची भाषा बोलतो, कोणाला कुठे अडेल हे त्याला ठाऊक असते आणि त्याच्यासमोर ‘समजले नाही’ म्हणायची लाज वाटत नाही. मोबाईल आणि हा कामगार-शिक्षक यांची जोडी जमली, तर मला वाटते, त्याहून चांगले दूरशिक्षण नाही.

तेव्हा युनियनच्या बाजूने आमची मागणी अशी आहे. मोबाईलवरचे सुरक्षा-प्रशिक्षण खुशाल द्या. पण कामाच्या वेळेत, पगारी द्या आणि कामगाराला कळेल अशा भाषेत द्या. पाठ झाल्यावर जाणत्या माणसासमोर त्याच यंत्रावर ते करून घ्या आणि महिन्याने पुन्हा करून घ्या. कामगाराने विचारलेले प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे यांची वही ठेवा. ज्या प्रशिक्षणात बारा नव्या मुलांनी एकही प्रश्न विचारला नाही, ते झालेच नाही असे समजा. आणि ‘चित्रफीत पाहिली’ एवढी नोंद कामगाराविरुद्ध पुरावा म्हणून कोणीही पुढे करू नये.

आपण नागरिकांनीही यात काही करण्यासारखे आहे. या गावात वाचनालय आहे, शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, निवृत्त शिक्षक आणि कारागीर आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. कोणी नर्सिंगचा पाठ घेत असेल, कोणी वायरमनच्या परीक्षेचा, कोणी दहावीला पुन्हा बसत असेल. एका विषयाचे आठ-दहा जण एका पडद्याभोवती बसवा. पंधरा मिनिटे पाठ पाहा, मग पडदा बंद करा आणि एकेकाला आपल्या शब्दांत सांगायला लावा. अडेल ते वहीत लिहा, जाणत्याला विचारा, पुढच्या आठवड्यात उत्तर सांगा. जो आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जाऊन या. बायकांसाठी वेळ वेगळी ठेवावी लागेल आणि मुले सांभाळायला एखादी आजी लागेल. याला मोठा निधी लागत नाही. एक खोली, एक चिटणीस आणि चिकाटी लागते. १९५६ साली १५० खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी एका रेडिओच्या बळावर हे करून दाखवले आहे. आपल्याजवळ साधने त्यांच्याहून कितीतरी अधिक आहेत.

पुढे आणखी नवी यंत्रे येतील. माणसासारखे बोलणारी यंत्रे तर आलीच आहेत, आणि ती शंकांना उत्तरेही देतात. त्यांनाही हाच प्रश्न विचारा: शिकणाऱ्याचे अडले ते कोणा जबाबदार माणसापर्यंत पोचते का, आणि त्याने धड्यात काही बदलते का? उत्तर ‘होय’ असेल तर ते यंत्र घरात घ्या. ‘नाही’ असेल, तर ते कितीही गोड बोलो, त्याला शिक्षक म्हणू नका.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. पण शांतपणे ऐकणे म्हणजे काय असू शकते, हे मी आत्ताच सांगून बसलो आहे! तेव्हा अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल, तर उरलेली वीस मिनिटे आपल्या प्रश्नांसाठी ठेवू. ज्यांना उभे राहून विचारायचा संकोच वाटतो, त्यांनी चिठ्ठी पाठवावी. माझे व्याख्यान संपले. नमस्कार.